न टाकलेले नाणे

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक जुनी कथा शिकवत होते. कथेचा नायक रात्री स्टेशनबाहेरच्या सार्वजनिक फोनपाशी येतो, नंबर फिरवतो, पलीकडून 'हॅलो' ऐकतो आणि एक शब्दही न बोलता रिसीव्हर ठेवून निघून जातो. एका विद्यार्थिनीने हात वर केला. "मॅडम, नंबर फिरवतो म्हणजे काय करतो? बदलतो का?"

वर्गात कोणी हसले नाही. बहुतेकांच्या मनात तोच प्रश्न असावा. मी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले, त्याच्या कडेने दहा छोटी वर्तुळे काढली, आकडे लिहिले आणि बोट फिरवून दाखवले. मुलांना गंमत वाटली. वस्तू जाते आणि तिचे क्रियापद भाषेत मागे कसे उरते, यावर पाच मिनिटे बोलले. खिशातल्या काचेच्या पाटीला उचलण्या-ठेवण्यासारखे काही नसले तरी आपण आजही फोन 'उचलतो' आणि 'ठेवतो'. इथपर्यंत सगळे ठीक होते. मग त्याच मुलीने विचारले, "पण मॅडम, फोन लागलाय, समोरचा माणूस बोलतोय, तर हा का बोलत नाही?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. "पुढच्या तासाला बघू," असे सांगून मी बाहेर पडले. पुढच्या तासाला मी दुसरी कथा घेतली.

माझे वडील मुंबईत टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे सार्वजनिक फोनच्या दुरुस्तीत गेली. खात्याच्या भाषेत तो 'कॉइन बॉक्स', आणि आईच्या भाषेत 'नानांचे डबे'. भिंतीला घट्ट बसवलेला जाड पत्र्याचा डबा, वर नाण्याची खाच, पुढे डायल, बाजूला टांगलेला रिसीव्हर आणि खाली कुलूपबंद गल्ला. रेल्वेच्या फलाटावर, पोस्टाच्या दाराशी, इस्पितळाच्या व्हरांड्यात असे डबे असत. त्यांतून नानांना काय काय सापडे: ठोकून सपाट केलेली नाणी, पत्र्याच्या गोल चकत्या, काड्यापेटीच्या काड्या. एकदा दोऱ्याला बांधलेले नाणे मिळाले. नाणे आत सोडायचे आणि काम झाले की दोऱ्याने वर ओढायचे, अशी ती युक्ती होती. फसवणारा पकडला जावा असे नानांना मुळीच वाटले नाही. "डोकं आहे," एवढेच ते म्हणाले.

रविवारी ते कधी एखादी निकामी डायल घरी आणत आणि जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून उघडत. स्क्रू बशीत गोळा करणे हे माझे काम. माझी समजूत अशी होती की आपण आकडा फिरवतो म्हणजे तो आकडा तारेत ढकलतो. नानांनी ती पहिल्याच रविवारी मोडली. "फिरवताना काहीच होत नाही. सोडल्यावर होतं."

बोटाने तबकडी अडसरापर्यंत नेताना आपण केवळ स्प्रिंगला पीळ देत असतो. बोट काढले की स्प्रिंग तबकडीला मागे खेचते आणि त्या परतीच्या वाटेवर आकडा तयार होतो. रिसीव्हर उचललेला असल्यामुळे तारेतून विजेचा बारीक प्रवाह वाहतच असतो. परतणारी तबकडी तो प्रवाह थोडा थोडा वेळ तोडते. 1 ला एकदा, 5 ला पाचदा, 0 ला दहा वेळा. सेकंदाला दहा ठोके असा हिशेब, म्हणजे शून्य परतायला पुरता एक सेकंद लागतो. प्रत्येक ठोक्यातला सुमारे दोन-तृतीयांश वेळ प्रवाह तुटलेला असतो, एक-तृतीयांश वेळ जोडलेला. फिरवणारा घाईत असो की निवांत, परतीचा वेग सारखाच राहावा म्हणून आत एक गव्हर्नर असतो. त्याची चिमुकली वजने वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि कडेला घासून चक्राला आवरतात. डायल फिरत असते तेवढा वेळ आणखी एक कॉन्टॅक्ट कानातला रिसीव्हर बंद करून टाकतो, नाहीतर ही खडखड कानात वाजली असती. आणि दोन आकड्यांच्या मधला जो जरा लांब थांबा, त्यावरून एक्स्चेंजला कळते की आकडा पुरा झाला, आता पुढचा.

"म्हणजे नाना, आकडा तारेतून जातच नाही?"

"नाही. नुसतं तुटणं जातं. पलीकडे मोजणारं कोणी तरी बसलेलं असतं."

मग त्यांनी आमच्या घरच्या फोनचा हूक बोटाने टकटक दाबून, डायलला हात न लावता, शेजारच्या इमारतीतल्या मित्राचा नंबर लावून दाखवला. तार तबकडीने तोडली की बोटाने, हे एक्स्चेंजला कळायला मार्ग नाही.

पुढे एम.ए.ला भाषाविज्ञान शिकताना सोस्यूरपाशी आले तेव्हा ही टकटक आठवली. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक नसते, संकेताचे असते, हे पटवून घ्यायला मला झाडाचे उदाहरण लागले नाही. न्यूझीलंडमधल्या डायलवर आकडे उलट्या क्रमाने लावलेले असत. ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीसाठी 999 फिरवत, न्यूझीलंडमध्ये 111, आणि दोन्हीकडे तारेतून नऊ-नऊ ठोकेच जात. स्वीडनच्या डायलवर शून्याला एकच ठोका असे. ठोका तोच, त्याला काय म्हणायचे ते ज्याच्या त्याच्या गावाने ठरवायचे. अमेरिकेत 1947 साली विभागांना क्रमांक वाटले तेव्हा न्यूयॉर्कला 212 आणि शिकागोला 312 दिले गेले. ज्या शहरांना सर्वाधिक फोन होणार, त्यांचे आकडे फिरवायला कमी वेळ लागावा हा त्यामागचा विचार. बोटाला पडणाऱ्या श्रमांवरून शहरांची अक्षरे ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

या यंत्रणेचा उगम एका संशयात आहे. कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक. फोन जोडून देणारी ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी कथा सांगतात. 1891 साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. मधले माणूस काढून टाकणे हा त्याचा उद्देश होता.

नाण्याच्या फोनची अडचण अशी की मधले माणूस काढले तर पैसे कोण मोजणार? 1889 साली हार्टफर्डमध्ये विल्यम ग्रेचा पहिला नाण्याचा फोन लागला. पुढे अमेरिकेत तीन खाचांचे फोन आले. त्यांत पाच सेंटचे नाणे पडले की घंटेचा एक टोला, दहाचे पडले की दोन, पंचवीसचे पडले की खोल आवाजाचा घण. ऑपरेटर तारेच्या दुसऱ्या टोकाला बसून टोल्यांवरून पैसे मोजी. ब्रिटिशांनी 1925 पासून 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणे दिली. आधी नाणी टाकायची, नंबर फिरवायचा, पलीकडून उत्तर आले की 'ए' दाबायचे. नाणी गल्ल्यात पडत आणि तेव्हाच तुमचा आवाज पलीकडे पोहोचे. उत्तर नाही आले तर 'बी' दाबून पैसे परत घ्यायचे. म्हणजे 'ए' दाबेपर्यंत तुम्हाला समोरचा ऐकू येतो, तुम्ही मात्र त्याला ऐकू जात नाही.

आमच्या भागातल्या डब्यांना ही बटणे नव्हती. तिथे आधी नंबर फिरवायचा, उत्तर आले की खाचेत धरलेले नाणे आत ढकलायचे. ते पडेपर्यंत माऊथपीस बंद. पुढे जे सांगायचे आहे ते या एका जोडणीवर अवलंबून आहे.

1994 साली मी विज्ञान शाखेतून बारावी झाले. मार्क चांगले होते. नानांनी पॉलिटेक्निकचा अर्ज आणून ठेवला होता, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचा. मी मराठी घेऊन बी.ए. करायचे ठरवले. वाद आठवडाभर चालला. "गोष्टी वाचायला कॉलेज कशाला लागतं?" असे ते म्हणाले. त्यावर मी म्हणाले, "डबे उघडण्यात जन्म गेला तुमचा, तुम्हाला काय कळणार?"

नानांनी आवाज चढवला असता तर बरे झाले असते. त्यांनी समोरची बशी उचलली, तिच्यातले स्क्रू डबीत भरले आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला मामाकडे राहायला गेले. तिथून कॉलेज जवळ पडते, असे आईने चाळीत सांगितले.

मामाकडे फोन नव्हता. मुलुंड स्टेशनबाहेर एका औषधांच्या दुकानालगत तसला जुना डबा होता. महिन्याभराने एका संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभी राहिले. मुठीत रुपयाचे नाणे होते. घरचा सात आकडी नंबर फिरवला. खात्यातल्या नोकरीमुळे आमच्याकडे सवलतीचा फोन होता आणि तो नानाच उचलत. उत्तर आले की नाणे ढकलायचे, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होते. "हॅलो," नाना म्हणाले. मी नाणे ढकलले नाही. "हॅलो... हॅलो." मग थोडे थांबून, अगदी कामावरच्या सुरात ते म्हणाले, "नाणं आत जात नाहीये का? जोर लावू नका, सरळ धरा आणि ढकला."

कोणा अनोळखी माणसाला ते डबा वापरायला शिकवत होते. मी रिसीव्हर ठेवला.

त्या वर्षी मी असे दहा-बारा वेळा तरी केले असेल. मुद्दाम पैसे वाचवावेत अशी माझी ऐपत बेताची नव्हती. रुपया प्रत्येक वेळी हातात असे, घामाने ओला झालेला. मला बोलायचे नव्हते असेही नाही. सुरुवात कोणत्या शब्दाने करायची ते सापडत नव्हते, आणि हा डबा मला शब्दाशिवाय त्यांच्यापर्यंत जाऊ देत होता.

तिसऱ्या वेळी नानांनी नाण्याची सूचना केली नाही. दोनदा 'हॅलो' झाल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "आज आंबोळ्या केल्या होत्या." आणि त्यांनीच फोन ठेवला. पुढच्या खेपेला: "तिचा गुडघा बरा आहे आता." त्यानंतर: "गॅलरीतला नळ बदलला." नाव कधी घेतले नाही, प्रश्न कधी विचारला नाही. एक वाक्य बोलायचे, क्षणभर थांबायचे आणि रिसीव्हर ठेवायचा.

हे त्यांनी कसे ओळखले, याचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला. निवृत्तीनंतर एकदा ते माझ्या मुलाला फोनविषयी काही सांगत होते. ते म्हणाले, "फोनवरची शांतता दोन प्रकारची असते. माणूस गप्प असला तरी त्याच्या मागचा रस्ता ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. माऊथपीस बंद असला की काहीच नसतं. तार कोरी असते." मी स्वयंपाकघरात होते. एवढ्यावरून कळते ते डब्यापुरते. डब्यापाशी कोण उभे आहे ते कळत नाही. तो भाग तंत्राचा नव्हता.

प्रथम वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी नाणे ढकलले. खाचेतून गल्ल्यापर्यंतचा त्याचा आवाज मला अजून आठवतो. "नाना, मी बोलतेय." पलीकडे जरा वेळ काही नव्हते. मग ते म्हणाले, "बोल. स्पष्ट येतंय." मी मार्क सांगितले. त्यांनी विचारले, "कुठल्या डब्यावरून बोलतेस? औषधवाल्याच्या? त्याची डायल हळू परतते, तेल द्यायला हवं." गव्हर्नर बिघडलेल्या डायलची परती त्यांना बहुधा आधीच्या तक्रारींवरून ठाऊक असावी. त्या शब्दांत क्षमा होती की नव्हती, हे मी कितीदा तरी मनाशी घोळवले आहे. रविवारी मी घरी गेले.

त्याच सुमाराला त्यांच्या हातातले काम सुटत चालले होते. किराण्याच्या दुकानांतून लाल रंगाचे, बटणांचे, एक रुपयाचे फोन दिसू लागले. आत डायल नाही, घंटा नाही; एक हिरवे सर्किट बोर्ड. खात्यातली माणसे त्याला 'कार्ड' म्हणत. बिघाड आला की कार्ड काढायचे, दुसरे बसवायचे. नानांनी एक निकामी कार्ड घरी आणले आणि नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रावर ठेवले. पण उघडणार काय? भिंगातून तांब्याच्या रेषांचा माग काढत ते तासन्‌तास बसत. "डायल कुठे दुखतंय ते कानाला सांगायची," ते एकदा म्हणाले. "हे बिघडलंय एवढंच कळतं."

इथे स्मरणरंजनाला बळी पडणे सोपे आहे आणि तसे करण्याचा मला अधिकार नाही. त्या डायलवर सहावा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून फिरवावे लागे. डबे नाणी गिळत आणि रात्री-अपरात्री डॉक्टरला फोन करणाऱ्या माणसाला ते हसण्यासारखे नसे. नाना स्वतः कार्डावर रुसून बसले नाहीत. एका पावसाळ्यात त्यांनी ते पुरते समजून घेतले. टेलिफोनच्या तारेत एक्स्चेंजकडून येणारा 48 व्होल्टचा दाब असतो, त्यातूनच कार्ड आपली वीज घेते. पलीकडच्याने फोन उचलला की एक्स्चेंज दोन तारांची धन-ऋण बाजू उलटवते. कार्ड तो बदल ओळखते आणि मगच नाणे गल्ल्यात सोडते. "काम तेच आहे," नाना म्हणाले, "मोजायचं, आणि उत्तराची वाट बघायची."

त्यांना सर्वांत आवडली होती ती बटणांच्या फोनवरची एक बारीक खटकी. बटणांच्या फोनची खरी रीत दोन सुरांची. 5 दाबले की 770 आणि 1336 हर्ट्‌झचे दोन सूर एकदम निघतात. 1963 साली अमेरिकेत ही रीत सुरू झाली. पण जुन्या एक्स्चेंजला सूर कळत नसत. म्हणून खटकी दुसऱ्या बाजूला सरकवली की तोच फोन जुन्या डायलसारखे ठोके पाठवी. बोटाने बटणे झरझर दाबून व्हायची आणि आतली चिप मात्र मागून सावकाश, सेकंदाला दहा याच चालीने, एकेक आकडा तोडत राहायची. नव्या यंत्राने जुन्याच्या कानाला समजेल अशा बोलीत बोलावे, याचे नानांना फार अप्रूप होते. मी मराठी घेतल्याबद्दल ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा त्यांनी तो भिंग घेऊन वाचला. अक्षर बारीक नव्हते.

झाँ कॉक्तोचे 1930 साली रंगभूमीवर आलेले एक एकपात्री नाटक आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'मानवी आवाज'. रंगमंचावर एक स्त्री फोनवर बोलते आणि पलीकडच्या माणसाचा एकही शब्द प्रेक्षकांना ऐकू येत नाही. वर्गात एकपात्रीचे तंत्र शिकवताना मी ते सांगत आले आहे. सगळे लक्ष बोलणाऱ्या बाईकडे जाते. ऐकणाऱ्याचे काय होत असेल, हा प्रश्न मुले विचारत नाहीत आणि मीही काढत नाही.

2017 साली नानांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळे होते. शब्द येत नसे. मी नोकरीनिमित्त सांगलीला, ते दोघे डोंबिवलीला. रोज संध्याकाळी मी मोबाइलवरून फोन करी, आई तो त्यांच्या कानाशी धरी आणि "बोल, ऐकतायत," असे दुरून सांगे. पहिल्या दिवशी मी "नाना" म्हटले आणि पुढे काही सुचेना. पलीकडून उत्तर येणार नव्हते. मग मी तारेकडे लक्ष दिले. पंख्याची घरघर येत होती. खिडकीखालून रिक्षा गेली. त्यांचा श्वास येत होता, थोडा अडखळणारा. तार कोरी नव्हती.

"आज आंबोळ्या केल्या होत्या," मी म्हणाले.

दोन वर्षे, 2019 मध्ये ते जाईपर्यंत, मी रोज एक-दोन वाक्ये बोलत गेले. कॉलेजात काय झाले, कोणता नळ गळतो आहे, पाऊस आला की नाही. प्रश्न विचारत नसे. क्षणभर थांबत असे आणि मग फोन ठेवत असे.

त्यांच्या पेटीत एक डायल आणि एक हिरवे कार्ड निघाले. डायल अजून नीट परतते. या वर्षी ती कथा पुन्हा अभ्यासक्रमात आहे. डायल वर्गात नेईन आणि मुलांना फिरवायला देईन. फिरवताना काहीच होत नाही, सोडल्यावर होते, हे त्यांना हातानेच कळू दे. आणि तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर या वेळी घंटा होण्याची वाट पाहणार नाही. सांगेन की तो बोलत नाही याचा अर्थ त्याला काही सांगायचे नाही असा नव्हे. त्याच्या मुठीत नाणे आहे की नाही, ते आधी कथेत शोधा.